काटा चाळीसवर होता

१

"नखाला लावायचं ते गिअरला लावते, आणि स्वतःची नखं बघा, ग्रीसने काळी," सासूबाई पुटपुटल्या. पुटपुटल्या त्या माझ्या कानापासून वीतभर अंतरावर, म्हणजे मला ऐकू जावं हाच हेतू. मी मान वर केली असती तर 'मी कुठे काय म्हणाले' म्हणायला मोकळ्या.

मी मान वर केली नाही. मी गाड्यांचे मीटर दुरुस्त करते आणि त्या मंगळवारी गिअरवर ठिपके देत होते. गाडीच्या वेगाच्या काट्यापर्यंत गिअरबॉक्समधून एक केबल जाते. तिच्या टोकाला अंगठ्याएवढा नायलॉनचा दातेरी गिअर असतो. दाते कमी, तर केबल जास्त फिरते आणि काटा वर चढतो. कुणी मोठे टायर टाकले की चाक कमी वेळा फिरतं, काटा कमी वेग दाखवतो आणि किलोमीटरही कमी पडतात. मग कमी दात्यांचा गिअर बसवून त्याला खरं बोलायला लावायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, वीस वर्षं मीटर उघडून उघडून कळलं. पण सोळा, सतरा आणि अठरा दात्यांचे गिअर दिसायला सख्खी भावंडं. म्हणून सोळाला एक ठिपका, सतराला दोन, अठराला तीन. मरून नेलपॉलिशची बाटली वाळून गेली होती, तेव्हा भाचीने टाकून दिलेली पोपटी बाटली मी त्या सकाळी उघडली. रंग असा की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. भाचीने का टाकून दिली ते कळलं. तरी जुने ठिपके पुसून दुपारपर्यंत मी सगळ्या डब्यांतला माल पोपटी करून टाकला.

तेवढ्यात समोरचा टायरवाला येऊन उंबऱ्यावर उभा राहिला. काल सकाळी लॉन्ड्रीच्या फाटकाशी लॉन्ड्रीच्याच व्हॅनखाली घडीमावशी गेली, म्हणाला. डोकं कठड्याच्या कडेवर आपटलं. जागच्या जागी.

घडीमावशी म्हणजे त्या लॉन्ड्रीत पंचवीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालणारी बाई. आणि व्हॅन चालवत होते गोगलगाय काका. या माणसाने उभ्या आयुष्यात चाळीसच्या वर काटा नेलेला नव्हता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकायच्या, सायकलवाले पुढे जाऊन हात हलवायचे. त्यावरूनच ते नाव पडलं होतं आणि काकांनी ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवलं होतं.

टायरवाला सांगून झाल्यावरही थोडा वेळ उभा राहिला, मग जाऊन आधीच बसलेल्या टायरवर हातोडा मारत बसला. मला तेव्हा वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटलंय.

शुक्रवारी लॉन्ड्रीचे मालक आले. पोलिसांना मीटर तपासल्याचा कागद हवा होता. काकांनी जबाब दिला होता की काटा चाळीसवर होता, आणि रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा सांगत होत्या की वेग जास्त होता. मी व्हॅन मोठ्या रस्त्याला काढली, किलोमीटरचे दगड आणि घड्याळ लावून चार फेऱ्या मारल्या. काटा अगदी सरळ होता. चाळीस म्हणजे चाळीस. तसं लिहून सही केली.

मालकांनी कागदाची नीट घडी घातली. मालकांबरोबर आलेले काका अंगणातल्या बाकावर बसले होते. त्यांनी रडारड केली नाही, वादही घातला नाही. नुसतं म्हणाले, "म्हणजे माझे डोळेच गेले."

२

रविवारी काकांची बायको माझ्या दुकानात आली. मी त्यांना काकी म्हणते. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

काका जेवायला बसतात आणि भरलेलं ताट सोडून उठतात, म्हणाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले नजर उत्तम आहे, पण काकांचा डॉक्टरवर विश्वास नाही. माझ्या कागदावर आहे. परवा कोर्टात उभे राहून ते सांगणार आहेत की होय, मी जोरात चालवली, मला दिसलं नाही, मी मारलं तिला. "त्यांनी मारलं असेल तर भोगतील," काकी म्हणाल्या. "पण त्यांनी आयुष्यात एक गोष्ट नीट केली, ती हळू गाडी चालवली. तीसुद्धा खोटी होती का, एवढं मला सांग."

कागदावरची सही माझी होती.

जाताना त्यांनी पिशवीतून एक खिशात मावेल एवढी डायरी काढली. काका रोज हॉस्पिटलला जाऊन आले की मीटरचा आकडा त्यात लिहायचे. कुणी मागितला नव्हता, कुणी बघतही नव्हतं. व्यवस्थितपणाचा आजार म्हणा. काकींनी ती ठेवून घ्यायला सांगितली, घरात बघवत नाही म्हणून.

रात्रीपर्यंत वाट न बघता मी तिथेच ती चाळली. सत्तावीस किलोमीटर जायचे, सत्तावीस यायचे. चोपन्न, चोपन्न, चोपन्न. पानंच्या पानं चोपन्न. मग मागच्या महिन्याच्या तेवीस तारखेला अठ्ठेचाळीस. दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस. समासात काकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मेहुण्यांना विचारलं. म्हणाले, टायर नवे आहेत, बसायला वेळ लागतो.' त्यानंतर अपघाताच्या आदल्या शनिवारपर्यंत रोज अठ्ठेचाळीस.

रस्ता काही सहा किलोमीटरने आखडत नाही. टायर मोठे टाकले होते आणि मीटर तसंच ठेवलं होतं. चोपन्न आणि अठ्ठेचाळीसमधला फरक आठव्या हिश्शाचा. म्हणजे काकांचा काटा चाळीसवर होता तेव्हा व्हॅन पंचेचाळीसने धावत होती. ऐकायला पाचच. पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चारेक पावलं जास्त लागतात, आणि त्या चार पावलांत घडीमावशी उभी होती.

काकांचे डोळे शाबूत होते. काकांचा पायही शाबूत होता.

पण मग शुक्रवारी मला काटा सरळ कसा सापडला? सोमवार आणि शुक्रवार यांच्यामध्ये कुणीतरी तो सरळ केला होता. आणि त्या सफाईवर मी माझ्या हाताने सही ठोकली होती.

३

सोमवारी लॉन्ड्रीत गेले. हॉस्पिटलच्या मळलेल्या चादरींचा वास ज्याने घेतला आहे त्याला वर्णन नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला मी तो देऊ इच्छित नाही. नेहमी मला त्या वासाने मळमळतं. त्या दिवशी मात्र तो सगळ्यात स्वच्छ वाटला, कारण निदान तो लपत नव्हता.

आत शिरतानाच निशाणीचं टेबल लागतं. तिथे मालकांची बायको बसते. सगळे तिला वहिनी म्हणतात. न जाणाऱ्या शाईने प्रत्येक चादरीच्या काठावर ती आकडा घालते आणि आकड्याखाली एक सरळ रेघ मारते. चादर उलटी हातात आली तरी आकडा उलटा वाचला जाऊ नये म्हणून ही तिचीच युक्ती. पंधरा वर्षांची माझी मैत्रीण. तिने मला चहा दिला, माझ्या केसांत अडकलेलं जाळं काढलं आणि घडीमावशीच्या नावाने डोळे पुसले.

पलीकडे घड्यांचं लांब टेबल होतं. चादरीची घडी दोघींनी घालायची असते. घडीमावशीची जोडीदारीण एकटीच चादरीचं एक टोक खुंटीला अडकवून घडी घालत होती.

मेहुणे आले. हे वहिनीचे भाऊ, म्हणजे मालकांचे मेहुणे, पण अख्खी लॉन्ड्री त्यांना मेहुणेच म्हणते, जणू सगळ्यांच्याच घरात त्यांच्या बहिणी दिल्यात. गाड्यांचं सगळं तेच बघतात. व्हॅनची केबल मला परत बघायची आहे म्हटल्यावर त्यांनी हसून विचारलं की कागद तर दिलात ना. मी म्हटलं, केबलला तेल द्यायचं राहिलं. फुकट काम म्हटल्यावर कुणी अडवत नाही.

टायर कधी बदलले, हे मी व्हॅनखाली शिरता शिरता विचारलं. ते वाकून मोकळेपणाने सांगू लागले. हॉस्पिटलच्या उतारावर उंचवटा आहे, भरलेल्या व्हॅनचं पोट तिथे घासायचं. म्हणून बावीस तारखेला मोठे टायर टाकले. चूक काय त्यात? काही नाही, मी म्हटलं. आणि मीटरचा गिअर?

"तोही त्याच दिवशी बदलला, ताई. आम्ही काय अडाणी आहोत?"

त्यांचे बूट माझ्या नाकासमोर होते. चकचकीत. मी एक बोल्ट सोडला, केबलचं टोक बाहेर ओढलं, गिअर रुमालाने पुसला. सोळा दाते. शेजारी एकच ठिपका.

पोपटी.

ती बाटली अपघाताच्या दुसऱ्या दिवशी उघडली होती. बावीस तारखेला हा गिअर माझ्या दुकानात मरून ठिपका घेऊन बसला होता. मी तो परत बसवला, बाहेर आले, हात पुसले. मेहुण्यांनी माझ्या पाठीवरची माती झटकण्यासाठी हात पुढे केला, तर मी अशी मागे सरले की त्यांनाच कसंतरी झालं.

पण गिअर माझ्याच दुकानातून गेला होता. आणि मी तो कुणाला विकलेला नव्हता.

४

आधी टायरवाल्याला गाठलं. समोरासमोर दुकानं, तेरा वर्षांची ओळख. मी विचारलं की मोठे टायर टाकलेस तेव्हा मीटरचं सांगितलं होतंस का. त्याने हातातला पाना खाली ठेवला, परत उचलला.

सांगितलं होतं, म्हणाला. काटा कमी दाखवेल, समोरच्या ताईंकडून गिअर बदलून घ्या, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मालक होते, मेहुणे होते, वहिनी पुढच्या सीटवर होत्या. काच खाली होती. मालक म्हणाले, उद्या बघू. काका नव्हते, ते फेरी आटपून घरी गेले होते.

मग? मग तो उद्या काही आला नाही. व्हॅन रोज सकाळी याच रस्त्याने जायची. तो रोज बघायचा. पूर्वी काका हॉस्पिटलला सात बत्तीसला पोचायचे आणि चादरी घेणारी खिडकी साडेसातला बंद व्हायची. डॉक्टरांची फेरी संपेपर्यंत तासभर ताटकळायचं. आता ते सात अठ्ठावीसला पोचायला लागले. तिथल्या भांडारवाल्या बाईंनी मालकांना फोन करून कौतुक केलं. गोगलगायीला पाय फुटले म्हणून लॉन्ड्रीत हसण्याचा विषय झाला. चार मिनिटं सगळ्यांना आवडली होती.

"आणि तू काकांना का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं का, ताई?"

तेरा वर्षं या माणसाने दिलेला चहा मी प्यायले होते.

दुकानात येऊन सासूबाईंना विचारलं. मागच्या बुधवारी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते आणि गल्ल्यावर त्या बसल्या होत्या, एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी. सोळाचा गिअर कुणी नेला?

त्या आधी रुसल्या. मी चोरी केली का, म्हणाल्या. मग सांगितलं. कुणीतरी आलं होतं, डोक्यावरून तोंडापर्यंत ओढणी, बाई होती एवढं कळलं. बोलली काहीच नाही. मुकी असेल असं वाटून सासूबाईंना दया आली. तिने एक चिंधी पुढे केली, त्यावर सोळा लिहिलं होतं. एक ठिपक्याच्या डब्यातला गिअर काढून दिला. तुझ्या त्या भयाण रंगाचा उपयोग झाला म्हणायचा, असंही वर म्हणाल्या.

"चिंधी कुठाय?"

"टाकते कशाला? चांगली मऊ आहे. चष्मा पुसते मी तिने."

चष्म्याच्या डबीतून त्यांनी ती काढली. पांढऱ्या चादरीच्या काठाची बोटभर पट्टी. न जाणारी शाई. १६. आणि खाली एक सरळ रेघ.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी मला एकच फोन आला होता. घडीमावशीसाठी रडणारा फोन. वहिनीचं रडणं थांबावं म्हणून मी मधेच माझ्या दाताचं रडगाणं लावलं होतं. उद्या दिवसभर मी दुकानात नाही गं, असं मीच तिला सांगितलं होतं.

५

मंगळवारी सकाळी, कोर्टाच्या आधी तासभर, मी काका आणि काकींना घेऊन लॉन्ड्रीत गेले. काकांनी धुतलेला शर्ट घातला होता. गुन्हा कबूल करायला जाणाऱ्या माणसाने शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं होतं.

घड्यांच्या टेबलाशी सगळे होते. मालक, मेहुणे, निशाणीचं काम सोडून आलेली वहिनी, खुंटीजवळची जोडीदारीण. मी आवाज चढवला नाही. मला इतकी शिसारी आली होती की आवाज चढवायला लागणारी जवळीकही उरली नव्हती. टेबलावर डायरी ठेवली आणि क्रमाने सांगत गेले. बावीस तारखेचे टायर. चोपन्नाचे अठ्ठेचाळीस. चाळीसचे पंचेचाळीस. बुधवारी गेलेला गिअर, शुक्रवारी सरळ झालेला काटा.

मेहुणे म्हणाले, गिअर बावीस तारखेलाच बदललाय, सांगितलं ना. मी पोपटी बाटली डायरीशेजारी ठेवली आणि ती कधी उघडली ते सांगितलं. मेहुण्यांनी बाटलीकडे बघितलं आणि म्हणाले, गाड्यांचं मी बघतो, पण ठरवतात भावोजी. मालक म्हणाले, मी फक्त मंजुरी देतो, बारकावे मेहुण्यांकडे. मेहुणे म्हणाले, हॉस्पिटलला घाई होती. मालक म्हणाले, ड्रायव्हरला अंदाज नको का? बोलता बोलता दोघे एकमेकांपासून एकेक पाऊल लांब सरकले. मधल्या जागेत ती जोडीदारीण आणि तिची अर्धी घडी घातलेली चादर राहिली.

काका डायरी उघडून अठ्ठेचाळीसच्या पानावर बोट ठेवून उभे होते. वाचत नव्हते. नुसतं बोट.

मी नवा कागद काढला. त्यात लिहिलं होतं की शुक्रवारी मी दिलेला दाखला फक्त शुक्रवारपुरता खरा आहे, अपघाताच्या दिवशी काटा पंचेचाळीसला चाळीस दाखवत होता, आणि हे चालकाला कळायला मार्ग नव्हता. मी न बघता जे सोडलं तेही लिहिलं होतं. टायर मोठे दिसत होते आणि मी फक्त काटा बघितला, कारण मला तेवढंच विचारलं होतं. टायरवाल्याला नावं ठेवण्याआधी मला हे वाक्य लिहावं लागलं.

"हे कोर्टात टिकायचं नाही," मालक म्हणाले. "गिअर कुणी नेला, कोण सांगणार? कोणीही नेला असेल."

मी पदराच्या गाठीतून ती चिंधी काढली आणि टेबलावर टाकली. ती उलटी पडली, रेघ वर, आकडा पालथा.

मेहुणे लगेच म्हणाले की चादरीच्या चिंध्या इथे ढिगाने पडतात, कुणीही उचलेल. मालकांनी मान हलवली. मी वहिनीकडे बघत नव्हते. पंधरा वर्षांच्या मैत्रिणीचा चेहरा त्या वेळी बघण्याची माझ्यात हिंमत नव्हती. मी टेबलाकडे बघत होते, म्हणून मला तिचा हात दिसला. शाईने निळी पडलेली बोटं पुढे आली आणि त्यांनी ती चिंधी फिरवून सरळ केली. रेघ खाली, आकडा वर. वीस वर्षांची सवय, हाताने तिला विचारलंही नसेल.

मग तिला कळलं की सगळे बघताहेत.

मालक म्हणाले, तू आत जा. मेहुणे बहिणीला म्हणाले, ताई, तू काही बोलू नकोस. त्या दोघांचं त्या सकाळी पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

वहिनी आत गेली नाही. तिने चिंधीवरचा हात उचलला नाही. काकांकडे बघितलं, मग खुंटीला अडकवलेल्या चादरीकडे.

"आम्हा तिघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही नाही मारलं तिला, काका. अपघाताच्या आधी, शनिवारी, घडीमावशी माझ्यापाशी आली होती. म्हणाली, वहिनी, गाडी हल्ली फाटकाशी अंगावर येते गं. आणि मी तिला म्हणाले, तुला भास होतो."